फडक्याखालचा डेरा

ती घटना आठवली की आजही मला आधी ऊन आठवतं. चोरी नंतर, जबाब नंतर. काळ्या दगडाच्या भिंतीतल्या भोकांतून सकाळचं ऊन आरपार आलंय आणि माझ्या खाकी शर्टावर, बुटांवर, शेजारी उभ्या जमादारांच्या टोपीवर उजेडाचे गोल ठिपके पडलेत, हे चित्र काही केल्या मनातून जात नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकंही फोडून घेतलं. पण गुन्ह्याच्या जागी उभं राहून मी लहान पोरासारखा आ वासून बघत राहिलो, असं एकदाच झालं.

बीड जिल्ह्यातलं ते ग्रामीण ठाणं म्हणजे निवृत्तीआधीची माझी शेवटची नेमणूक. हद्द मांजरसुंब्याच्या ढाब्यांपासून सुरू व्हायची आणि लिंबागणेशच्या पलीकडं डोंगरात कुठंतरी संपायची. निम्मं काम महामार्गावरच्या अपघातांचं आणि उरलेल्यात मोठा वाटा पुतळ्यांचा. वाचकांना गंमत वाटेल, पण ठाणेदाराला जिवंत माणसापेक्षा पुतळ्याची धास्ती जास्त. जिवंत माणूस आपलं आपण सांभाळतो. पुतळ्याला परवानगी लागते, पहारा लागतो, अनावरण होईपर्यंत फडकं गुंडाळून ठेवावं लागतं, आणि त्याच्यावर कावळा बसला तरी फोन ठाण्यातच येतो.

हे स्मारक मात्र राजाचं नव्हतं, पुढाऱ्याचंही नव्हतं. डोंगराच्या कुशीतल्या एका गावानं आपल्याच गावच्या लेकीचं उभारलं होतं. संगणक हा शब्दसुद्धा लोकांनी ऐकलेला नव्हता अशा काळात ही मुलगी गावातून निघाली, गणित शिकली आणि मुंबईच्या एका संशोधन संस्थेत, देशात बनलेल्या अगदी सुरुवातीच्या संगणकांपैकी एकावर कामाला लागली. ते यंत्र खोलीभर पसरलेलं असायचं. त्याला काम सांगायचं तर कागदाच्या लांब पट्टीवर भोकं पाडून सांगावं लागे. भोक कुठं पाडायचं आणि कुठं नाही, हे ठरवणाऱ्या पहिल्या मूठभर माणसांत ही एक होती. गावाला हे कळलं फार उशिरा. तालुक्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना इंटरनेटवर एक जुना फोटो सापडला. कपाटांसारख्या यंत्रापुढं उभी असलेली, काठपदराच्या साडीतली सडसडीत मुलगी, आणि फोटोखाली तिच्या नावाशेजारी या गावाचं नाव.

गाव हरखलं. तिचा सख्खा भाचाच गावचा पुढारी होता. कडक पांढरे कपडे, गोड बोलणं, आसपासच्या गावांत वजन. त्यानं स्मारक समिती केली आणि अर्थातच तोच अध्यक्ष झाला. आत्या तिकडं मुंबईलाच तरुणपणी वारली, असं तो लहानपणापासून ऐकत आला होता. म्हणून पत्रिकेवर, कमानीवर आणि कोनशिलेवर तिच्या नावाआधी ‘कै.’ लागलं.

अनावरणाला मंत्री येणार म्हटल्यावर बंदोबस्ताची पाहणी आली. आम्ही जीपमधून निघालो तेव्हा आमचे जमादार फुल फॉर्मात होते. कॉम्प्युटरच्या पुतळ्याचा माऊस असेल तर हार गळ्यात घालायचा का शेपटीला, असं त्यांनी मला विचारलं. मीही हसलो. ठाण्यातल्या संगणकावर मी दोन बोटांनी फिर्याद बडवणारा माणूस, त्या यंत्राबद्दल मला प्रेम असायचं कारण नव्हतं.

गावात पोचलो आणि जमादारांचं बोलणं आपोआप थांबलं. शिल्पकारानं दोन पुरुष उंच, चांगली लांब अशी काळ्या पाषाणाची भिंत घडवली होती. तिच्या हातच्या एका जुन्या पट्टीचा फोटो मिळवून, त्यातली भोकं जशीच्या तशी दगडात आरपार पाडली होती. एकेक भोक बांगडीएवढं. सूर्य भिंतीमागं होता आणि सबंध पटांगणावर उजेडाच्या ओळी पडल्या होत्या. कुठं तीन ठिपके, कुठं एक, कुठं नुसती सावली. त्याचा अर्थ मला कळत नव्हता, पण अर्थ आहे हे कळत होतं, आणि तेच अंगावर काटा आणत होतं. या गावच्या कुणा पोरीनं हे लिहिलं आणि यंत्रानं ते वाचलं. जमादारांनी टोपी काढून बगलेत घेतली. देवळात गेल्यासारखं काहीतरी त्यांनाही वाटलं असावं.

भिंतीपुढं चौथरा होता. त्यावर बाईंचा धातूचा अर्धपुतळा, आतून पोकळ, बेताच्या आकाराचा, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला. तो अजून पक्का बसवायचा होता. अनावरणाच्या आदल्या दिवशी मिस्त्री येणार होता. पहाऱ्याला मी पाली गावचा एक होमगार्ड नेमला, सरळ आणि शब्दाचा पक्का माणूस, आणि निर्धास्त होऊन परत आलो.

अनावरण तीन दिवसांवर आलं असताना मला गावच्या स्टँडवरच्या चहावाल्याचा फोन आला. हा माझा खबऱ्या. बारीकसारीक बातमी द्यायचा आणि बदल्यात फक्त मान मागायचा.

“साहेब,” तो म्हणाला, “बाईला नाक न्हाई.”

मला वाटलं, सकाळीसकाळी गडी लावून बसलाय. पण तो गंभीर होता. काल दुपारी वारं सुटलं, फडकं पुतळ्याला चिकटलं, तर आत नाक, हनुवटी काहीच दिसेना, नुसता गोल गरगरीत आकार दिसला, असं त्यानं सांगितलं. स्टेशन डायरीला नोंद करून मी निघालो.

दोन पंच बोलावले आणि त्यांच्यासमोर फडकं सोडलं. आत पुतळा नव्हता. मातीचा एक जुना डेरा होता, पालथा घातलेला. डेरा घरंगळू नये म्हणून त्याच्याखाली लुगड्याच्या चिंधीची चुंबळ ठेवलेली होती, बाया डोक्यावर घागर ठेवताना घेतात तशी. पंचनाम्यात मी ‘कापडी चुंबळ एक’ असं लिहिलंही. जमादार म्हणाले, “चोर लई शिस्तीचा हाय साहेब.” मी त्यांच्याकडं दुर्लक्ष केलं. तिथंच थांबून विचार केला असता तर पुढची पळापळ वाचली असती.

पण विचार करायला उसंत नव्हती. अध्यक्ष आले आणि त्यांनी थेट विरोधी गटाच्या म्होरक्याचं नाव घेतलं. त्यानं ग्रामसभेत ‘पुतळा कसा बसतो तेच बघतो’ असं म्हटलं होतं. विरोधी गट म्हणाला, अध्यक्षानंच सहानुभूतीसाठी गायब केला. तासाभरात पारावर दोन घोळके झाले आणि हातांत काठ्या दिसू लागल्या. मंत्री यायच्या आत पुतळा मिळाला नाही तर गावात डोकी फुटणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. होमगार्ड कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता. त्याची तर भाकरीच जायची वेळ आली होती.

आम्ही मांजरसुंब्याची भंगाराची दुकानं पालथी घातली. धातू वितळवणाऱ्यांच्या भट्ट्या बघितल्या, ढाब्यांवरचे ट्रक तपासले. विरोधी म्होरक्याला ठाण्यात आणून बसवलं. त्याला मी बराच वेळ फिरवून फिरवून विचारलं. तो शेवटपर्यंत शांत होता, आणि शेवटी जे बोलला ते मला खरं वाटलं.

“साहेब, माझा इरोध अध्यक्षाला हाय, बाईला न्हाई. माझी लेक कॉम्प्युटर शिकतीय संभाजीनगरला. मी त्या बाईच्या पुतळ्याला हात लावीन व्हय?”

चौकशीत खोटं बोलणारा माणूस स्वतःचा बचाव करतो. हा माणूस बाईचा बचाव करत होता. मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं, आणि अध्यक्षांचे फोन येऊ लागले ते उचलले नाहीत.

मग मी पुन्हा होमगार्डला समोर बसवलं. त्याच्यावर आवाज चढवला नाही. पुतळ्याजवळ कोण आलं होतं, एवढंच विचारलं. कुणीच न्हाई, तो म्हणाला. दिवसा? कुणी न्हाई. रात्री? कुणी न्हाई. आईची शपथ घेऊन म्हणाला. माणूस खोटा वाटत नव्हता आणि पुतळा तर गेला होता. तेवढ्यात माझी नजर टेबलावरच्या त्या चुंबळीवर गेली.

“बाया आल्या होत्या का?” मी विचारलं.

“बाया आल्या व्हत्या की,” तो सहज म्हणाला. “ओटी भरायला. गावची लेक म्हणून. मी लांब जाऊन पाठमोरा हुबा ऱ्हायलो. बायांच्या कार्यात पुरुसानं कशाला थांबावं?”

मी कपाळावर हात मारून घेतला. या माणसाला मी दहा वेळा विचारलं होतं, कुणी आलं का, आणि त्यानं दहाही वेळा प्रामाणिकपणानं सांगितलं होतं, कुणी नाही. बाया त्याच्या मोजण्यात नव्हत्याच. भर दुपारी, पोलीस पहाऱ्यात, डोक्यावर हारा, म्हणजे मोठी टोपली, आणि तीत नारळ-खणांखाली तो डेरा घेऊन बाया आल्या, ओटी भरली, आणि तोच हारा खणांनी झाकून डोक्यावर घेऊन गेल्या. जाताना हाऱ्यात काय होतं हे बघायची कुणाला गरज वाटली नाही.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं, असा कायदा आहे. या केसमध्ये त्या कायद्यानंच आम्हाला तारलं. एका महिला शिपायाला सोबत घेऊन मी त्या बायांच्या आळीत घरोघरी गेलो. सगळ्या बायांचा जबाब एक. ओटी भरली, घरी आलो. शब्दसुद्धा तेच. चार माणसं खरं सांगतात तेव्हा चार तऱ्हेनं सांगतात, ठरवून आलेली माणसं मात्र पाढे म्हणतात. आणि पाढे संपले की प्रत्येकजण म्हणायची, “जास्तीचं मावशीला इचारा.”

मावशी म्हणजे अध्यक्षांची धाकटी आत्या, म्हणजे पुतळा जिचा होता तिची सख्खी लहान बहीण. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली, मूलबाळ नाही, आळीच्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहायची. अध्यक्षांना तर तिच्याकडं चौकशीला जायचं म्हणजे अपमानच वाटला. ज्या घरचा पुतळा, त्या घरी चोर कसा शोधता, असं ते म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं.

मावशी काटक होती. पाठ वाकलेली, नजर सरळ. अंगण सारवलेलं, भांडी लखलखीत. आम्हाला बसायला घोंगडी टाकली, चहा ठेवला. मी इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. असं बसलं की पोलिसाचे डोळे आपोआप घरभर फिरतात. कोनाड्यात देव्हारा होता. समोर निरांजन लागलेलं, ताजं हळदीकुंकू, दोन फुलं. पण आत देव नव्हते. रिकाम्या देव्हाऱ्यापुढं दिवा जळत होता.

“मावशी, देव कुठं गेले?” मी विचारलं.

“पाण्यात,” ती म्हणाली.

आपल्याकडं घरात कुणाच्या जिवाचं बरंवाईट व्हायची वेळ आली की बायका देव पाण्यात घालून बसतात. माणूस सुखरूप झालं की देव बाहेर. तोवर देवानंही पाण्यातच राहायचं. यात नवल काही नव्हतं. माझी आईसुद्धा ठेवायची. नवल वेगळंच होतं. या बाईला घरात दुसरं माणूस नव्हतं. अध्यक्ष ठणठणीत होते, त्यांची मुलंबाळं मजेत होती. मग देव पाण्यात कोणासाठी?

मी तेच विचारलं. मावशीनं पदर तोंडाला लावला. आमची महिला शिपाई उठून तिच्याजवळ जाऊन बसली. पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं म्हातारी उठली आणि मागच्या दाराकडं चालू लागली. आम्ही मागून गेलो.

परसात सिमेंटचा हौद होता, वर फळ्या टाकलेल्या. तिनं एक फळी सरकवली. काठोकाठ नितळ पाणी होतं. तळाशी अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक असे घरचे देव ठेवलेले, आणि त्यांच्या मधोमध, पाण्याखालून वर आमच्याकडं बघणारा तो चेहरा. पाणी हललं की तो श्वास घेतल्यासारखा वाटायचा. मी आजवर हस्तगत केलेल्या कुठल्याही मुद्देमालाकडं असा बघत उभा राहिलो नव्हतो.

मी बाही वर केली. हात पाण्यापर्यंत नेला.

“नका काढू साहेब,” मावशी म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “काढलं तर अक्का जाईल.”

“अक्का तर कधीच गेली ना, मावशी?”

“न्हाई गेली. जिती हाय. पुण्याला दवाखान्यात हाय. पोट फाडलंय तिचं.”

मग तिथंच हौदाच्या कडेला बसून तिनं सगळं सांगितलं. अक्काचं लग्न ठरलं होतं. हळदीच्या आधी ती मुंबईला पळून गेली, शिकायला. बापानं सबंध गावादेखत विहिरीवर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसाची करतात तशी. त्या दिवसापासून ती घराला मेली. पुढं जन्मलेल्या पोरांना सांगितलं गेलं की आत्या वारली, आणि घरचीच माणसं सांगतात म्हटल्यावर कोण खात्री करायला जातंय? अक्का मात्र बहिणीला विसरली नाही. काही वर्षांपूर्वी तिनं कुणाच्या तरी हाती एक साधा मोबाइल पाठवला. दर रविवारी फोन यायचा. पण शपथ घातलेली होती, की मी जिवंत आहे हे तिथं कुणाला सांगायचं नाही. ज्यांनी मेली म्हटलं, त्यांना मेलीच.

“आन् ह्यांनी पुतळा बशिवला,” मावशी म्हणाली. “मेल्यालाच पुतळा करत्यात साहेब. जित्याचा बशिवला तर त्यो आयुष्य खातोय. पुतळा गावात आला, आन् त्याच रविवारी फोन आला न्हाई. नर्सबाईचा आला. मी भाच्याला काय सांगू? सांगितलं तर शपथ मोडती, न्हाई सांगितलं तर अक्का जाती. मग आणला घरी आन् ठिवला देवासंगट पाण्यात. आळीतल्या पोरींनी हात लावला, पर त्यास्नी दोष देऊ नका. मी कोणासाठी करतीय ते बी इचारलं न्हाई त्यांनी.”

पुतळा आयुष्य खातो यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण एक म्हातारी बहिणीचा जीव हातात धरून बसलेली आणि मी तिच्यासमोर पाण्यात हात घालायचा, हे माझ्याच्यानं होईना. बाही खाली केली. फळी जागच्या जागी सरकवली. वरिष्ठांना कळवलं की मालाचा ठावठिकाणा लागला आहे, ताब्यात घेणं प्रलंबित आहे. इतकं सत्य आणि इतकं निरुपयोगी वाक्य मी आयुष्यात लिहिलेलं नाही.

मावशीच्या फोनमधल्या नंबरावर मी पुण्याला फोन लावला. नर्स म्हणाली, ऑपरेशन झालंय, पेशंट अजून शुद्धीवर नाही, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. मग अध्यक्षांना बाजूला घेतलं. आता शपथ मोडल्याचं पाप माझं, असं मावशीला आधीच सांगून ठेवलं होतं. अध्यक्षांनी ऐकलं आणि पहिल्यांदा म्हणाले, “साहेब, पत्रिका छापून वाटल्यात.” नंतर खाली बसले. मग उठून गावात जाऊन सांगितलं, की पुतळा सापडलाय, कुणा गटाचा दोष नाही, काठ्या घरी ठेवा. कुठं सापडला हे विचारणाऱ्यांना म्हणाले, घरातच होता. त्या माणसाबद्दलचं माझं मत त्या दिवशी बदललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून फोन आला. पेशंट शुद्धीवर आहे, बोलायचं म्हणते. मावशी तेव्हा स्मारकापाशीच होती. तिला घरी करमेना म्हणून पहाटेच येऊन बसलेली. आम्ही माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. उशीवर एक पिकलेला, बारीक चेहरा दिसला. पुतळ्यासारखा अजिबात नव्हता. डोळे तेवढे फोटोतल्या मुलीचे होते.

“सांगितलंस ना शेवटी?” ती बहिणीला म्हणाली.

“मी न्हाई सांगितलं अक्का. फौजदारानं देव मोजले.”

अक्का हसली, त्यानं तिला खोकला आला, आणि नर्स रागावली. मग तिनं मला स्वच्छ पुणेरी मराठीत सांगितलं, की ती भिंत मला दाखवा. मी मोबाइल भिंतीसमोर धरून चालू लागलो. तिनं थांबवलं. डावीकडून चला, सावकाश, माझ्या वाचण्याच्या वेगानं. मी पाऊल पाऊल सरकलो. सूर्य वर येत होता, माझ्या अंगावर ठिपके सरकत होते, आणि फोनमधून तो क्षीण आवाज येत होता. घे. मिळव. ठेव. शून्य आहे का बघ. नसेल तर परत जा. घे. मिळव.

ती वाचत होती. ज्या भोकांपुढं आम्ही सगळे मुके होऊन उभे राहत होतो, ती भोकं ती बाई दवाखान्याच्या खाटेवरून, सगळं आयुष्य मध्ये लोटल्यावर, वर्तमानपत्रासारखी वाचत होती. जमादारांनी खालून माझं कोपर धरलं.

भिंतीच्या टोकाशी पोचल्यावर मी विचारलं, यात काय लिहिलंय, बाई?

“फार मोठं काही नाही,” ती म्हणाली. “रोज सकाळी कामाला लागायच्या आधी यंत्राला ही पट्टी द्यायची. यंत्र जागं आहे का ते बघायला. नीट असलं तर शेवटी घंटी वाजायची. मग आम्ही चहा प्यायचो.”

तेवढ्यात अध्यक्ष पुढं आले. फोनसमोर वाकून, हात जोडून म्हणाले, आत्या, मी तुमचा भाचा. ती त्यांच्याकडं बघत राहिली, आणि बोलली ते मात्र गावच्या बोलीत.

“तुझ्या आज्यानं माझ्या नावानं आंगुळ केली, आन् तू पुतळा केलास. दोघांनी बी मला इचारलं न्हाई. भिंत चांगली झालीय. फडकं काढायचं तर तिचं काढ. माझं तोंड ऱ्हाऊ दे.”

अनावरण ठरल्या दिवशी झालं. समितीनं आदल्या रात्रीत भिंतीला एक मोठा पडदा लावला आणि मंत्रिमहोदयांनी तोच दूर केला. चौथरा रिकामा राहिला. कमानीवरचं ‘कै.’ झेंडूच्या माळेखाली गेलं. कोनशिलेवरचं दगडात कोरलेलं होतं, ते मिस्त्रीनं काळं सिमेंट भरून बुजवलं. भाषणात अध्यक्षांनी सांगितलं की बाई हयात आहेत. पुढच्या ओळीतला एक म्हातारा रडू लागला. तो विहिरीवरच्या त्या आंघोळीला हजर होता म्हणे. होमगार्डच्या नोकरीला धक्का लागू नये अशी तजवीज मी केली. बाकी गुन्हा काही दाखल झाला नाही. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो, आणि तो त्या घरात शोधूनही सापडला नसता. अक्का धोक्याबाहेर आल्याचा निरोप आला तसे देव हौदातून देव्हाऱ्यात गेले. पुतळा कुणीच परत मागितला नाही. मुद्देमाल आजतागायत आरोपीच्या घरी आहे, असं एकमेव प्रकरण माझ्या नोकरीत हेच.

अक्का बरी होऊन एकदा गावी येऊन गेली. मी तोवर निवृत्त होऊन माझ्या गावी आलो होतो, त्यामुळं ते बघायचं भाग्य हुकलं. सांगतात, की ती उन्हाच्या ठिपक्यांत खुर्ची टाकून बसली आणि बहिणीला एकेक ओळ वाचून दाखवली. त्यानंतर वर्षभरानं ती खरोखरच गेली.

कळल्यावर मी भेटायला गेलो. सकाळची वेळ होती. स्मारकापाशी मिस्त्री छिन्नी घेऊन बसलेला, अध्यक्ष शेजारी उभे. कोनशिलेतलं सिमेंट कोरून ‘कै.’ पुन्हा मोकळं करायचं होतं. रीत म्हणून ते बरोबरच होतं. पण मावशी शिळेला पाठ लावून उभी होती, हातात खराटा. रोज सकाळी येऊन ती पटांगण झाडते, असं मला अध्यक्षांनी सांगितलं.

नोकरीनं मला एक सवय लावली होती. काही हरवलं की विचारायचं, कुणी नेलं? त्या हौदापाशी मी शिकलो, की कधी कधी आधी विचारावं, कोणासाठी ठेवलंय? म्हणून मी मावशीला सरकायला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की हे कोणासाठी?

तिनं भिंतीकडं बघितलं. ऊन नुकतंच भोकांतून उतरू लागलं होतं. ठिपके तिच्या झाडलेल्या मातीवर एकेक करून उमटत होते, आणि ती ते शेवटच्या ओळीपर्यंत उमटेस्तोवर थांबली.

“सकाळी बघाय लागतंय न्हवं साहेब, जागी हाय का ते,” मावशी म्हणाली. “मी रोज बघती. जागी हाय.”

अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी मिस्त्रीला छिन्नी पिशवीत घालायला सांगितली, आणि आम्ही सगळे मावशीच्या घरी चहाला गेलो.